खोलीपुरता आवाज

कोकणात गणपतीचे विसर्जन असो, हळद असो की वरात, बेंजो पार्टी वाजू लागली की घरातली माणसे अंगणात येतात. या पार्टीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. मूळ वाद्य जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘तैशोगोतो’ बनवले आणि तेच पुढे आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुळले. मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याच्या पोलादी तारांना चुंबकीय पिकअप लावला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली आणि बैठकीतले हे नाजूक वाद्य ढोल-ताशांच्या बरोबरीने रस्त्यावर वाजू लागले. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. इलेक्ट्रिक गिटार आणि हा बेंजो यांच्यामागचे विज्ञान एकच आहे.

कोकणातलेच बुरोंडी हे दापोली तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव घ्या. मासेमारीचे बंदर, परशुरामाचा उंच पुतळा आणि शेजारचे लाडघर यांमुळे पर्यटकांना ते माहीत असते. अशा गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरवली की बहुतेक वेळा सगळे पैसे गिटारवरच संपतात. ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, उरल्या पैशात, जमेल तसा, कुणीतरी सुचवलेला येतो. इथेच गणित चुकते. इलेक्ट्रिक गिटारचे लाकूड भरीव असते, तिला पोकळ पोट नसते, त्यामुळे नुसती छेडली तर ती शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो तो आवाज ॲम्पच्या स्पीकरचा. बेताची गिटार चांगल्या ॲम्पवर सुरेख वाजते; महागडी गिटार रद्दी ॲम्पवर रद्दीच वाजते. एकूण पंधरा हजार रुपये हाताशी असतील तर त्यातले निम्मे ॲम्पसाठी बाजूला काढून ठेवावेत.

मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले तर वेटोळ्यात वीज निर्माण होते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत तेवढ्याच कंपनसंख्येची वीज उमटते. १९३१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी या तत्त्वावर पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार तयार केली. पिकअपमधून निघणारा हा सिग्नल फार अशक्त असतो. व्होल्टचा दहावा हिस्सा, जोरात छेडले तर थोडा जास्त. शिवाय तो उच्च प्रतिबाधेचा असतो, म्हणजे त्यातून फारसा प्रवाह ओढता येत नाही. बारीक झऱ्याला मोठा पंप लावला तर झरा आटतो, तसेच इथे होते.

म्हणूनच गिटारची पिन घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या मागे खुपसली की आवाज मंद आणि बोथट येतो. त्या सिस्टिमचे इनपुट काही दहा हजार ओहमचे असते; गिटार ॲम्पचे इनपुट सुमारे दहा लाख ओहमचे, म्हणजे एक मेगाओहमचे. इनपुटची प्रतिबाधा कमी असली की पिकअपच्या सिग्नलमधला वरचा, चमकदार भाग आधी मरतो. ॲम्प निवडताना जाहिरातीत हा आकडा कुणी ठळक छापत नाही, पण आवाजाची पहिली लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

ब्लूटूथ स्पीकरचा मोहही अनेकांना होतो. फोनमध्ये ॲम्पचे ॲप, गिटार फोनला जोडायला एक छोटी डबी आणि घरातला ब्लूटूथ स्पीकर, मग वेगळा ॲम्प हवा कशाला? अडचण उशिराची आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन-साडेतीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज एका सेकंदाच्या शंभराव्या भागात कानावर येतो. हाताला तेवढे चालते. साध्या ब्लूटूथला मात्र सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा लागू शकतो. पाचवा हिस्सा धरला तर ॲम्प जवळजवळ सत्तर मीटर लांब ठेवून वाजवण्यासारखे झाले. असा सराव करणाऱ्याची लय बिघडते आणि नंतर ती दुरुस्त करणे जड जाते. ॲप वापरायचे तर वायरचा हेडफोन लावावा.

आता वॅटकडे. नव्या माणसाला दुकानात पहिला दिसतो तो हाच आकडा आणि सर्वांत जास्त फसवतो तोही हाच. कान आवाज सरळ पटीत मोजत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक नीट लक्ष देऊन ऐकावा लागतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दसपट हवेत. म्हणजे १० वॅटच्या ॲम्पहून २० वॅटचा थोडासाच मोठा. खरोखर दुप्पट वाटायला १०० वॅट लागतील. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९२ डेसिबल आवाज देणारा स्पीकर घेतला, तर तो १० वॅटवर १०२ डेसिबलपर्यंत जाईल. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मर्यादेप्रमाणे १०० डेसिबलचा आवाज दिवसाला पंधरा मिनिटांहून जास्त ऐकू नये. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. चिऱ्याच्या भिंतींच्या खोलीत सराव करणाऱ्याला एक वॅटसुद्धा भरपूर होतो, हे यावरून कळावे. ड्रमवाल्याबरोबर वाजवायची वेळ आली तर गोष्ट वेगळी. तिथे तीस-पन्नास वॅट आणि मोठा स्पीकर लागतो.

वॅटपेक्षा स्पीकरकडे पाहणे शहाणपणाचे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. तीन किंवा पाच इंची स्पीकर तो नीट हलवू शकत नाही. तरीही आपल्याला तो स्वर ऐकू येतो, कारण त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. टेलिफोनवर पुरुषाचा खर्ज ओळखता येतो तोही याच करामतीमुळे. पण छातीला जाणवणारा भरीवपणा मेंदू भरून काढू शकत नाही. तो हवा तर आठ इंचांच्या खाली जाऊ नये.

गिटारच्या स्पीकरला दुसरेही एक वैशिष्ट्य आहे. तो मुद्दाम अपुरा असतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज तो जवळजवळ सोडून देतो. रॉकमधला फाटका, गुरगुरता आवाज हा ॲम्पला त्याच्या कुवतीबाहेर ढकलल्यावर तयार होतो. लाटेचे माथे छाटले जातात आणि छाटलेल्या लाटेत नवे उपस्वर जन्मतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये माथे हळूहळू गोलाई घेत छाटले जातात, साध्या ट्रान्झिस्टरमध्ये एकदम सपाट. दोन्हीकडे जे टोचरे उपस्वर तयार होतात ते गिटारचा स्पीकर गाळून टाकतो. तोच सिग्नल ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असलेल्या घरच्या स्पीकरवर लावला तर माशी कानात शिरल्यासारखे वाटते. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने छोट्याशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेला आवाज जगभर गाजला. तो ॲम्प स्वस्तातला होता.

स्वस्त ॲम्पची याहून सुंदर गोष्ट ‘क्वीन’ या बँडची आहे, आणि तिला महाराष्ट्राचा एक धागाही आहे. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. बँडचा बास गिटारवादक जॉन डीकन लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक ट्रान्झिस्टरचा सर्किट बोर्ड मिळाला. त्याने तो जुन्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. त्याची ताकद एका वॅटहूनही कमी. गिटारवादक ब्रायन मेने तो ॲम्प हाती घेतला आणि सोडलाच नाही. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जाझ वाद्यवृंदातली क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजत असल्याचा भास होतो. ती सगळी याच ॲम्पमधून आलेली गिटार आहे. वडिलांबरोबर जुन्या लाकडातून स्वतःची गिटार घडवणारा हा मे पुढे २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टर झाला.

असा ॲम्प आजही घरी करता येतो. एलएम ३८६ नावाची आठ पायांची चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत चहा-वड्याच्या पैशात मिळते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ती अर्ध्या वॅटच्या आसपास आवाज देते. तिचे इनपुट मात्र केवळ ५० हजार ओहमचे असल्याने गिटार थेट जोडू नये. आधी एक फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरचा टप्पा बसवावा, म्हणजे पिकअपवर भार येत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग जरूर करावा. बॅटरीवरचा असल्याने शॉकची भीती नाही आणि पुस्तकातली प्रतिबाधा, म्हणजे इंपिडन्स, कानाने ऐकायला मिळते.

तयार माल घ्यायचा तर बाजारात तीन जाती आहेत. पहिली, गिटारच्या जॅकमध्येच बसणारी हेडफोनची डबी, जशी व्हॉक्सची ‘ॲमप्लग’. वसतिगृहात राहणाऱ्यांना हिच्याइतके सोयीचे काही नाही. दुसरी, साधा ट्रान्झिस्टर ॲम्प, जसा फेंडरचा ‘फ्रंटमन १० जी’: १० वॅट, सहा इंची स्पीकर, हेडफोनची सोय. स्वच्छ आवाजाला ठीक, गुरगुराटाला कोरडा. तिसरी जात मॉडेलिंग ॲम्पची. यात एक छोटा संगणकच बसवलेला असतो आणि तो नामांकित व्हॉल्व्ह ॲम्पच्या वागण्याची गणिती नक्कल करतो. फेंडरचा २५ वॅटी, आठ इंची ‘मस्टँग एलटी २५’ या जातीतला. बॉसच्या ‘कटाना ५०’मध्ये बारा इंची स्पीकर आहे आणि ताकद अर्ध्या वॅटपर्यंत उतरवता येते. तो विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे, पण सेकंडहँड मिळाला तर पुढची अनेक वर्षे दुसरा पाहावा लागणार नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या मागे विद्यार्थ्याने लागू नये. तो जड असतो, व्हॉल्व्ह बदलावे लागतात आणि त्याची खरी मजा अशा मोठ्या आवाजात येते, जो घरात चालत नाही.

कोकणात राहणाऱ्याने आणखी काही गोष्टी पाहाव्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एरवीच्या पावसाळ्यातही ती जाते-येते. पेन्सिल सेलवर चालणारे रोलंडचा ‘मायक्रो क्यूब’ किंवा ब्लॅकस्टारचा ‘फ्लाय ३’ असे छोटे ॲम्प इथे खरे उपयोगी पडतात. खारी, दमट हवा जॅक आणि नॉब लवकर खाते, स्पीकरच्या कागदाला बुरशी धरते. पावसाळ्यात ॲम्प जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. आखातातल्या नातलगाने आणलेला ॲम्प आपल्याकडच्या २३० व्होल्टला सहसा चालतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा आणि जपानमधला १०० व्होल्टचा तसाच लावला तर जळतो.

अर्थिंगचा मुद्दा जिवाचा आहे. गिटारच्या तारा पिनेतून ॲम्पच्या जमिनीच्या टोकाशी जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या टोकाला टेकलेली असतात. अर्थिंग नीट नसेल आणि आत बिघाड झाला तर तोच प्रवाह हातात येतो. ३ मे १९७२ रोजी स्वॉन्सी इथे लेस हार्वे हा गिटारवादक भर मंचावर असाच गेला. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मरण पावला. घरघर कमी होते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती जीवघेणी आहे. घरघर येत असेल तर गिटार हातात धरून बसण्याची दिशा बदलून पाहावी, ट्यूबलाइट आणि चार्जर दूर करावेत. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट वेढ्यांचा ‘हंबकर’ पिकअप विजेच्या याच घरघरीवर उपाय म्हणून तयार केला होता. तसा पिकअप असलेली गिटार असेल तर त्रास बराच कमी होतो. कोकणातला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग अर्थिंग कमकुवत होते, म्हणून मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनकडून आधी तो बसवून घ्यावा आणि मगच ॲम्प विजेला लावावा.

मुंबई-पुण्यातले विद्यार्थी शिक्षण संपल्यावर ॲम्प विकतात, तेव्हा सेकंडहँड माल चांगला मिळतो. नवा असो की जुना, खरेदीला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल बरोबर न्यावी. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही ॲम्प गोड वाटतो. प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवून खरखर येते का ते ऐकावे, जाड तार जोरात छेडून खोका खडखडतो का ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरी रात्री ज्या आवाजात वाजवणार तेवढ्याच आवाजावर निदान दहा मिनिटे वाजवून बघावे. तेवढ्या आवाजात जो ॲम्प बरा वाटेल, तोच घ्यावा.