पावसातलं कोकण, चार मित्र आणि एक कॅम्परव्हॅन : नेटवर्क गेलं की फोनचं नक्की काय चालू राहतं?



गटारीचा वीकेंड, चार मित्र आणि भाड्याने घेतलेली कॅम्परव्हॅन. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, मग मंडणगडमार्गे दापोली तालुक्यातला समुद्रकिनारा, असा प्लॅन. गाडी चालवणारा मित्र दोन्ही दिवस कोकम सरबतावर राहणार, हे आधीच ठरलं होतं. आणि 'टेक्निकल बाबी' माझ्याकडे, कारण ग्रुपमध्ये फोनबद्दल सगळे मलाच विचारतात.

आता खरं सांगतो. त्या दोन दिवसांत माझ्याकडून तीन चुका झाल्या, आणि त्यातली एक चांगलीच महागात पडली असती. आज त्याच चुका तुमच्यासमोर मांडतोय. त्यामागचं एकच सूत्र आहे : फोनमधली कोणती गोष्ट टॉवरवर चालते, कोणती उपग्रहावर, कोणती नुसत्या बॅटरीवर, आणि कोणती गोष्ट फोनला मुळात कळतच नाही. हे घरातून निघतानाच माहीत असलं की निम्मं टेन्शन जातं. चला तर मग!

१. नेट गेलं, तरी निळा ठिपका कसा चालतो?

मंडणगड सोडलं आणि थोड्याच वेळात चौघांच्याही फोनवरचं नेटवर्क गेलं. पण माझ्या मॅपवरचा निळा ठिपका मात्र आरामात पुढे सरकत होता. मागून मैत्रिणीने विचारलं, "अरे, नेट नाही तर हा हलतोय कसा?"

कारण जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात. आपला फोन ते फक्त ऐकतो, वर काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की प्रत्येक सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन स्वतःची जागा काढतो. आजकालचे बरेच फोन जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि काही फोन आपली नाविक यंत्रणाही वापरतात.

मग नेट कशाला लागतं? दोन कामांना. एक, मॅपचं चित्र आणि रस्त्यांची माहिती डाउनलोड करायला. दोन, सुरुवातीला उपग्रह कुठे आहेत हे पटकन कळायला. नेट असेल तर ही माहिती फोनला सर्व्हरकडून लगेच मिळते. नसेल तर ती थेट उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते. म्हणून नेटवर्क नसलेल्या जागी फोन रीस्टार्ट केला की लोकेशन सापडायला कधीकधी काही मिनिटं लागतात. फोन बिघडलाय असं समजू नका. मोकळ्या आकाशाखाली धरा आणि थोडं थांबा.

मी घरूनच गुगल मॅपवर तो भाग ऑफलाइन घेऊन ठेवला होता. पद्धत सोपी आहे : प्रोफाइल फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा, 'सिलेक्ट युअर ओन मॅप' निवडा, चौकट हवी तेवढी मोठी करा आणि डाउनलोड दाबा. इथपर्यंत मी हिरो होतो.

पहिली चूक पुढे झाली. मॅपने उजवीकडे वळायला सांगितलं. छोटा रस्ता, दोन्ही बाजूंना भातखाचरं, वर धुवांधार पाऊस. उतार संपला तिथे ओढ्यावरचा कॉजवे होता, म्हणजे असायला हवा होता. दिसत होतं ते फक्त वाहणारं लाल पाणी. मॅपवर मात्र तीच निळी रेघ, सरळ पाण्यातून पलीकडे.

"फूटभरच असेल, काढू का?" ड्रायव्हर मित्राने विचारलं. आणि मी चक्क मॅपकडे बघत होतो! तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "पलीकडे बघ. एसटी थांबलीये."

खरंच, समोरच्या उतारावर लाल एसटी उभी होती. एसटी जिथे थांबते तिथे आपण कोण टिकोजीराव? शंभर मीटर रिव्हर्स घेत गाडी मागे काढली.

नंतर शांतपणे विचार केला. ऑफलाइन मॅपला रस्ता माहीत असतो, रस्त्याची आजची अवस्था माहीत नसते. ट्रॅफिक, बंद रस्ता, पर्यायी मार्ग ही सगळी माहिती नेटवरून येते. नेट असलं तरी गावातल्या कॉजवेवर आत्ता किती पाणी आहे हे बहुतेक वेळा कोणीच मॅपला कळवलेलं नसतं. वाहतं पाणी एक फूट असलं तरी छोटी कार ढकलली जाऊ शकते, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जाऊ शकतात. आमची व्हॅन तर उंच, चौकोनी डबा. म्हणून पावसात नियम एकच : मॅप सांगेल तो शॉर्टकट नको, एसटी जाते तो रस्ता धरा.

२. जे फोनला कळलं नाही, ते काकांना कळलं

संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. पाऊस थोडा उघडला होता. समोर लांबच लांब ओली पुळण, समुद्र पार मागे. मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. वाळूवर गाडी घालायची नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून सुरूच्या बनाखाली, खाडीच्या तोंडाजवळच्या सपाट जागेत व्हॅन लावली. दार उघडलं की समोर समुद्र. फोटो तर विचारूच नका!

वेदर ॲपवर फक्त ढग आणि पावसाचं चिन्ह होतं. मी म्हटलं, "रात्री पाऊस आहे, बाकी काही नाही." ही माझी दुसरी चूक.

अर्ध्या तासाने छत्री घेऊन एक काका आले. होड्यांकडे एकदा बघितलं, मग आमच्याकडे. "पोरांनो, आज आवस आहे. गाडी हितं ठेवू नका. रात्री उधाणाचं पाणी खाडीतनं हितपर्यंत येतं." आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी वरच्या अंगाला, देवळाजवळची जागा दाखवली. गाडी तिकडे नेली.

रात्री बाराच्या आधी आम्ही टॉर्च घेऊन देवळाजवळूनच खाली बघितलं. जिथे आमची व्हॅन उभी होती तिथे पाणी होतं. फार नाही, गुडघाभर असेल. पण त्या पाण्यात ओंडके, नारळाच्या झावळ्या गोल फिरत होत्या. चौघं आत झोपलेले असतो तर? कोणी काही बोललं नाही.

हे कसं घडतं ते समजून घ्या. भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्याच्या ओढीने होते. अमावस्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. हेच उधाण. अष्टमीच्या आसपास याच्या उलट, म्हणजे भांगाची भरती. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून रोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे, कुठलंही ॲप नको : तिथीचा पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ चा पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. अमावस्या-पौर्णिमेला ११ ते १२ च्या दरम्यान. दिवसातून दोनदा, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं, पण अंदाज पक्का येतो.

आता आमचा हिशेब बघा. अमावस्या, संध्याकाळचे सहा, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणूनच पुळण इतकी रुंद दिसत होती! त्यात पावसाने खाडीत वरून पाणी येत होतं, आणि भरतीमुळे त्याला समुद्रात जायला वाट नव्हती. ते काठावर पसरणारच. मॅप आणि साधं वेदर ॲप यातलं काहीच सांगत नाही. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर भरतीचं वेळापत्रक वेगळं शोधा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही बघून ठेवा.

३. चहाची किटली आणि संपलेली बॅटरी

या भीतीवर उतारा म्हणून एकाने इलेक्ट्रिक किटली लावली. दोन मिनिटांत इन्व्हर्टर 'टीं टीं' करत बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा व्हॅनच्या आतले दिवेही गेले.

गणित साधं आहे. व्हॅनमध्ये गाडी सुरू करायच्या बॅटरीपेक्षा वेगळी, घरगुती वापराची १२ व्होल्टची बॅटरी असते. ती १०० ॲम्पिअर-अवर असेल तर त्यात कागदोपत्री १,२०० वॉट-अवर वीज मावते. १,५०० वॉटची किटली तिच्यातून सव्वाशे ॲम्पिअर ओढते. दिवसभर ढग असल्याने छतावरच्या सोलरने फारसं काही भरलेलं नव्हतं. चहा झाला नाही, आणि रात्री कोणाचाच फोन चार्ज झाला नाही.

म्हणून चहा गॅसवर, आणि फोनसाठी पॉवरबँक. पण तिथेही एक गंमत लक्षात ठेवा. १०,००० एमएएचची पॉवरबँक फोनला १०,००० देत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. व्होल्टेज वाढवताना काही ऊर्जा जाते, म्हणून हातात साधारण ६,००० ते ६,५०० येतात. म्हणजे आजकालचा फोन एकदा, जेमतेम सव्वा वेळा.

४. 'वॉटरप्रूफ' फोन आणि थेंबाचं चिन्ह

तिसरी चूक सकाळची. माझा फोन आयपी ६८ आहे, म्हणून मी बिनधास्त लाटांचे व्हिडिओ काढत होतो. स्क्रीन ओली झाली की टच वेड्यासारखा वागतो, कारण बोटासारखंच पाणीही वीज वाहून नेतं आणि स्क्रीनला ते बोटच वाटतं. म्हणून मी व्हॉल्यूम बटणाने शूट करत होतो. मस्त!

परत येऊन गाडी चालू केली, चार्जर लावला, तर स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह : पोर्टमध्ये ओलावा आहे. बॅटरी ८ टक्के. मी केबल बदलून तीनदा लावून बघितली. हेच करायचं नसतं.

आयपी ६८ ची चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यात होते. समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नाही. खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं. ओल्या पोर्टमध्ये करंट गेला की आतल्या बारीक पिना गंजू लागतात. ते चिन्ह म्हणजे फोन स्वतःला वाचवतोय.

मग काय करायचं?

- केबल काढा. पोर्ट खाली करून फोन तळहातावर हळूच आपटा.
- हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. किमान अर्धा तास थांबा, कधीकधी पूर्ण दिवसही लागतो.
- तांदळात ठेवू नका. तांदळाची पूड पोर्टमध्ये जाऊ शकते. ॲपलनेही हे करू नका असंच सांगितलंय.
- हेअर ड्रायर, कापूस, टाचणी, काहीही नको.
- वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून ते वापरता येतं.

माझ्या फोनला ते नव्हतं. आणि आता ऐका : ऑफलाइन मॅप फक्त माझ्याच फोनवर होता! गाडीत बाकीच्यांचे फोन चार्ज झाले, पण त्यावर मॅपच्या जागी राखाडी चौकोन. मंडणगडपर्यंत आम्ही विचारत विचारत आलो. एका आजींनी रस्ता सांगताना वर वाटीभर फणसाचे गरेही दिले, पण ते नशीब समजा.

५. 'फक्त इमर्जन्सी कॉल' म्हणजे काय?

नेटवर्क नसताना एका मित्राच्या स्क्रीनवर असं लिहिलेलं होतं. याचा अर्थ, त्याच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा आहे. अशा वेळी ११२ लावला तर तो कॉल त्या दुसऱ्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. पण 'नो सर्व्हिस' असेल, म्हणजे कोणाचाच टॉवर नसेल, तर हा मार्गही बंद.

मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारा ज्या सेल ब्रॉडकास्टने येतो, त्याचंही असंच. टॉवर आपल्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो, त्याला नंबर लागत नाही. पण टॉवर लागतोच. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' चालू आहेत ना, हे आत्ताच तपासा.

निघण्यापूर्वीची यादी

- ऑफलाइन मॅप किमान दोन फोनवर.
- भरतीच्या वेळा आणि तिथी, स्क्रीनशॉट काढून.
- हवामान खात्याचं 'मौसम' आणि आपत्ती प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड असेल तर ट्रिपच पुढे ढकला, २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाला हवामान खातं 'अतिमुसळधार'च्याही वरचा दर्जा देतं.
- पूर्ण चार्ज पॉवरबँक, झिपच्या पिशवीत.
- दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं.
- घरच्यांना रूट आणि परतायची वेळ आधीच कळवलेली.

आणि शेवटचं, जे कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही : किनाऱ्यावर गाडी लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. त्या काकांच्या हातात साधा बटणाचा फोन होता. पण त्या रात्री आमच्या चार स्मार्टफोनपेक्षा त्यांनाच जास्त माहीत होतं.

तुमच्या ग्रुपमध्ये पावसात कोकणात जायचा प्लॅन शिजत असेल, तर हा लेख आधी गाडी चालवणाऱ्याला पाठवा. भेटूया पुढच्या लेखात!