नववा महिना: तूप, एरंडेल आणि लोहाची गोळी

नववा महिना लागला की घराघरांत एक सल्ला ठरलेला असतो: "आता तूप वाढव, वाट मऊ होईल." सांगणारी आई असते, सासू असते, शेजारच्या काकू असतात, आणि सगळ्या मायेनेच सांगतात. पण तूप जातं जठरात आणि आतड्यांत, बाळाची वाट असते गर्भाशयातून. या दोन वाटा कुठेच एकमेकींना मिळत नाहीत. वरणभातावर तूप जरूर घ्यावं. वाटीभर पिण्याने मात्र बाळंतपण सोपं होत नाही, वजन आणि छातीतली जळजळ तेवढी वाढते.

वाट मऊ होते हे खरं, पण ते काम शरीर स्वतः करतं. गर्भाशयाचं तोंड इतके महिने घट्ट मिटलेलं असतं. शेवटच्या आठवड्यांत प्रोस्टाग्लँडिनसारख्या द्रव्यांमुळे त्यातले कोलॅजनचे धागे सैल पडतात. तपासताना आधी नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागणारं हे तोंड मग ओठासारखं मऊ लागतं. ते आखूड होत जातं आणि कळांबरोबर 10 सेंटिमीटरपर्यंत उघडतं.

एरंडेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतडं आणि गर्भाशय दोन्हींना आकुंचन पावायला लावतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणूनच ते घरच्या घरी घेणं धोक्याचं. जुलाब-उलट्यांनी बाई गळून जाते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि कळा आल्याच तर त्यांच्यावर कुणाचं लक्ष नसतं. आधीचं सिझेरियन असेल तर एरंडेलाच्या वाटेला जाऊच नये. खजुराने बाळंतपण सुकर होतं असं काही लहान अभ्यास सुचवतात, पण पुरावा अजून कच्चा आहे. मधुमेह नसेल तर चार खजूर खायला हरकत नाही.

या सगळ्यांहून घातक समजूत म्हणजे "कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल." कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपं होईल याची खात्री नाही, बाळ मात्र कमी वजनाचं होऊ शकतं आणि आईचं रक्त आणखी घटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. बाळंतपणात रक्त जातंच. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही सोसत नाही. शरीराची तयारी म्हणाल तर माझ्या मते पहिली तयारी ही, आणि ती नवव्या महिन्याच्या फार आधी सुरू व्हायला हवी.

सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, रोज एक, किमान 180 दिवस. अनेक घरांत ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते आणि तिथेच निम्मी वाया जाते, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. कॅल्शियमची गोळी दोन तास तरी लांब ठेवावी. शौच काळी होते, ती लोहामुळे. घाबरून गोळी बंद करू नये.

"उकिडवं बसून फरशी पुसली की नॉर्मल होणारच." होणारच, असं कुणालाच सांगता येत नाही. बाळाची डोक्याची बाजू, वार कुठे आहे, रक्तदाब किती, यांवर फरशीचा काही इलाज नाही. मात्र हालचाल उपयोगाचीच आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजचं चालणं त्यात आलंच.

जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही अशी एक तयारी मात्र खरोखर कामाची आहे. पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा, हात स्वच्छ धुऊन, तेलाच्या बोटाने योनीमुखाची खालची बाजू आतून हळूहळू ताणायची. पहिलटकरणींमध्ये यामुळे टाके पडण्याचं प्रमाण थोडं घटतं. वार खाली असेल, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असेल तर हे करू नये. आधी डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारावं, लाजू नये.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" हेही साफ चूक. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो.

शेवटची समजूत जिवावर बेतू शकते: "दिवस भरत आले की जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं." लाथांऐवजी वळवळ जाणवेल, पण हालचाल कमी व्हायला नको. कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. अंगावरून पाणी गेलं किंवा रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही तेच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी मोफत असते. महाराष्ट्रात त्यासाठी 102, आणि तातडीच्या वेळी 108. हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आठव्या महिन्यातच भरून ठेवावेत.