उज्जैनमधली उन्हाळी बायबल शिबिरं: मुलं तिथे मोकळी का होतात आणि पालकांनी काय पाहावं?

उज्जैन : एप्रिल संपत आला की माळव्यात ऊन तापतं, शाळांना सुट्टी लागते आणि घराघरात एकच प्रश्न येतो, आता दीड महिना पोरांचं करायचं काय? कुणी आजोळी जातं, कुणी पोहायला, कुणी संस्कार वर्गाला. ख्रिस्ती कुटुंबांच्या यादीत आणखी एक नाव असतं, ते म्हणजे ‘व्हीबीएस’, अर्थात व्हेकेशन बायबल स्कूल. सुट्टीतली बायबल शाळा. कुठे ती चर्चच्या आवारात सकाळी तीन-चार तास भरते, तर कुठे निवासी शिबिर असतं.

या शिबिरांबद्दल पालक बऱ्याचदा सांगतात की घरी तोंड न उघडणारं मूल तिथून बोलकं होऊन येतं. असं का होतं आणि त्यात काळजी घेण्यासारखं काय आहे, ते पाहू.

मुळात ही पद्धत आली कुठून?

1898 मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एलायझा हॉज यांनी सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग सुरू केला. त्यासाठी बिअर विकणाऱ्या दुकानाची जागा भाड्याने घेतली. गाणी, गोष्टी, खेळ आणि हस्तकला असा त्याचा साचा होता. तोच आजही बव्हंशी कायम आहे.

भारतात त्याआधीच संडे स्कूलची घडी बसलेली होती. इंडिया संडे स्कूल युनियन 1876 मध्ये अलाहाबादला स्थापन झाली. मराठीत तर अमेरिकन मराठी मिशनने 1872 मध्येच मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव या मासिकाशी जोडलेलं आहे. म्हणजे मुलांशी मुलांच्या भाषेत बोलायचं, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती समाजाला नवी नाही.

उज्जैनचं चित्र थोडं वेगळं आहे. इथल्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चचं मूळ केरळात. 1968 मध्ये उज्जैनला या चर्चचं स्वतंत्र मिशन क्षेत्र झालं आणि 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यामुळे इथे एकाच बाकावर मल्याळम बोलणारं मूल आणि हिंदी-माळवी बोलणारं मूल शेजारी बसलेलं दिसू शकतं.

मूल मोकळं का होतं?

पहिलं कारण साधं आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या 0.29 टक्के आहे, म्हणजे हजारात तिघंसुद्धा नाहीत. महाकालाच्या या नगरीत वर्गातलं ख्रिस्ती मूल अनेकदा एकटंच असतं. नाव असं का, तुमच्याकडे दिवाळी असते का, डब्यात काय आणलंय, याची उत्तरं त्याला सतत द्यावी लागतात. शिबिरात ही उत्तरं कुणी मागत नाही आणि दहा दिवस त्या मुलाला स्वतःची ओळख समजावून सांगावी लागत नाही.

उज्जैनच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घरं इथेच राहिली. घरात ‘आई’ आणि दाराबाहेर ‘मम्मी’ म्हणणारं पोर गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकात उभं राहिलं की कसं खुलतं, ते प्रत्येकाने पाहिलंय. बेळगाव, निपाणी किंवा बिदरकडच्या वाचकांनाही हा अनुभव ओळखीचा वाटेल.

दुसरं कारण म्हणजे मार्कांचा अभाव. शिबिरात पाठांतर असतं, क्वचित बक्षीसही असतं, पण नापास कुणी होत नाही. मुलांचे वयानुसार लहान गट केलेले असतात. प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा असतो, बहुधा कॉलेजात शिकणारा. मुलाला तो मास्तर वाटत नाही आणि आईवडीलही वाटत नाही. ‘मला अंधाराची भीती वाटते’ हे वाक्य मूल अशाच माणसापाशी बोलतं.

तिसरं कारण श्रद्धेतलं. देवाने प्रत्येकाला हाक मारून ओळखलंय, तू जसा आहेस तसा त्याला प्रिय आहेस, ही शिकवण गाण्यांतून आणि गोष्टींतून रोज कानावर पडते. शेजारच्या मुलाशी कायम तुलना होणाऱ्या पोराला एवढ्याने केवढा धीर येतो!

मानसशास्त्रही याच्या जवळपास येतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी संशोधकांच्या मांडणीनुसार माणूस फुलायला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडण्याची मोकळीक, काहीतरी जमतंय ही भावना आणि आपली माणसं. चांगल्या शिबिरात या तिन्ही मिळू शकतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पहिल्याच गोष्टीत, मोकळीक देण्यात आहे. शंभर मुलं डोळे मिटून प्रार्थना करत असताना एकाने ‘मला नाही करायची’ म्हणणं सोपं नसतं. सगळे रडले म्हणून रडणारं, दादाला बरं वाटावं म्हणून साक्ष देणारं मूल स्वतःसारखं वागत नसतं. ते एक मुखवटा काढून दुसरा चढवत असतं. हा धोका कुठल्याही धर्माच्या शिबिरात, संस्कार वर्गात असतोच. शिबिर चांगलं की वाईट, हे तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला कशी वागणूक मिळते त्यावर ठरतं.

कायदा काय सांगतो?

घटनेचं कलम 25 धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम 28(3) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. मध्य प्रदेशच्या 2021 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात अल्पवयीनांच्या बेकायदा धर्मांतरासाठी 2 ते 10 वर्षं कैद आणि किमान 50 हजार रुपये दंड आहे. म्हणून दुसऱ्या धर्माचं मूल मित्रासोबत शिबिराला येणार असेल, तर पालकांची लेखी संमती घेणं आयोजक आणि पालक, दोघांच्याही हिताचं.

नाव नोंदवण्यापूर्वी हे विचारा

- दिवसाचं वेळापत्रक लेखी मिळेल का? त्यात मोकळ्या खेळाला किती वेळ आहे?
- एका ताई-दादाकडे किती मुलं? त्यांची निवड कोण करतं?
- निवासी शिबिरात मुलींसाठी वेगळी झोपण्याची सोय आणि महिला कार्यकर्त्या आहेत का?
- मूल घरी फोन कधी करू शकतं? मधेच परत यायचं म्हणालं तर?
- फी किती आणि त्यात काय काय धरलंय? पावती मिळते का?
- तक्रार कुणाकडे करायची?

आणि शिबिर संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘कुणाशी गट्टी जमली?’ असं विचारा. शिकलेलं पाठ म्हणून दाखवायची घाई नसली की मूल आपणहून बोलू लागतं. दहा दिवसांत मिळालेला मोकळेपणा जूनमध्ये दप्तर खांद्यावर आल्यावरही टिकायचा असेल, तर तो घरातही मिळायला हवा.