रोबोटचं आवरण: ना पाना, ना स्क्रू

मुंबईत भोईवाड्याला लागूनच परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे, १९४१ साली सुरू झालेलं. तिथे कर्करोगाच्या काही शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने होतात. सगळे त्याच्या नाजूक हालचालींबद्दल बोलतात. मला मात्र अशा रोबोटच्या हातांवरचं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण जास्त भारी वाटतं!

मोटर आणि वायरिंग असलेला हात ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. म्हणून दर शस्त्रक्रियेआधी नवं निर्जंतुक आवरण चढवायचं, नंतर टाकून द्यायचं. हातमोजे घातलेल्या सिस्टर हे काम नुसत्या बोटांनी करतात.

दा विंची नावाच्या शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये खरी करामत आहे ती आवरणातच बसवलेल्या अडॅप्टरची. दाबला की रोबोटच्या हातावर खट्कन बसतो. त्यातल्या फिरत्या चकत्या मोटरची गती पलीकडच्या अवजाराला देतात आणि आवरणाला कुठेही उघडं भोक राहत नाही. हालचाल पार जाते, जंतू अलीकडेच थांबतात. काय डोकं लावलंय!

प्लास्टिक फार ढिलं सोडलं तर सांध्यात अडकतं, ताणलं तर हात वळताना फाटतं. म्हणून सांध्यांपाशी थोडा झोळ ठेवतात, बाकीचं पट्ट्यांनी आवळतात. मध्येच फाटलं, तर आवरण बदलूनच पुढचं काम.