‘ग्लाइड’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘ग्लाइड’ या इंग्रजी क्रियापदाचा मूलार्थ अडथळ्याविना अखंड सरकणे हा होय. मराठीत मात्र कर्त्यानुसार क्रियापद बदलते : साप सरपटतो, घार पंख न हलविता तरंगते. संगीतात या संज्ञेने मींडेचा बोध होतो. ध्वनिविचारात तिचे दोन अर्थ संभवतात. ‘य’, ‘व’ हे अर्धस्वर स्वतंत्र वर्ण होत. परंतु महाराष्ट्री प्राकृतातील ‘णअर’ जैन महाराष्ट्रीत ‘णयर’ होते, तेव्हा दोन स्वरांमध्ये उमटणारा लघुप्रयत्न ‘य’ म्हणजे यश्रुती. इंग्रजीत दोहोंसही ‘ग्लाइड’ म्हणतात. अनुवादकाने सर्वत्र ‘अर्धस्वर’ योजल्यास प्राकृत वैयाकरणांनी जपलेला हा सूक्ष्म भेद मराठीतूनच लोपेल. म्हणून प्रतिशब्द संदर्भ पाहूनच निवडणे इष्ट.