ग्रंथालयाच्या प्रवेशद्वारावरील शिल्पयोजना : लॉस एंजेलिस येथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रवेशद्वार हे केवळ ये-जा करण्याचे साधन नसते. आत येणाऱ्याला ज्ञानाविषयीची त्या समाजाची धारणा प्रथम तेथेच दिसते. या दृष्टीने अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पश्चिम द्वारावरील शिल्पे अभ्यसनीय ठरतात. प्रस्तुत लेखात त्यांचा आशय व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
ही वास्तू १९२६ मध्ये वाचकांसाठी खुली झाली. वास्तुविशारद बर्ट्रम गुडह्यू यांचे १९२४ मध्ये निधन झाल्यामुळे कार्लटन विन्स्लो यांनी काम पूर्णत्वास नेले. शिल्पे ली लॉरी यांची असून विषयांची व कोरीव लेखांची आखणी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टले बर अलेक्झांडर यांनी केली. नेब्रास्का राज्याच्या विधानभवनातही गुडह्यू, लॉरी व अलेक्झांडर या तिघांनी एकत्र काम केले होते. शिल्पकाराच्या बरोबरीने तत्त्वचिंतकास स्थान मिळाल्याने येथील अलंकरणास 'ज्ञानाचा प्रकाश' हे एकच सूत्र लाभले.

शिल्पांचे स्वरूप :
लॉरी यांच्या मूर्ती भिंतीवर बसविल्यासारख्या वाटत नाहीत. त्या भिंतीच्या घनातूनच उमलतात. खाली साधा स्तंभ, वर हळूहळू आकार घेणारे वस्त्र आणि शेवटी मुख, असा त्यांचा क्रम आहे. त्यामुळे वास्तू व शिल्प यांच्यातील सीमारेषा पुसली जाते.

पश्चिम द्वाराच्या दोन बाजूंस फॉस्फर व हेस्पर या दोन मूर्ती आहेत. ग्रीक परंपरेत ही अनुक्रमे पहाटताऱ्याची व सांजताऱ्याची नावे. फॉस्फरजवळील पटावर बुद्ध, कन्फ्यूशियस, बादरायण आदी पूर्वेकडील, तर हेस्परजवळील पटावर सॉक्रेटिस, ॲरिस्टॉटल आदी पश्चिमेकडील ज्ञानवंतांची नावे कोरली आहेत. द्वारावरील उठावशिल्पात घोडेस्वार एकमेकांच्या हाती मशाल देताना दिसतात. सोबतचा लॅटिन लेख रोमन कवी ल्युक्रेशियस याच्या काव्यातून घेतलेला आहे.

आशय व मर्यादा :
पहाटतारा आणि सांजतारा हे वस्तुतः एकाच शुक्राचे दोन दर्शनप्रकार होत. पूर्व व पश्चिम यांची ज्ञानपरंपरा दोन दिशांना दिसली तरी तेज एकच, असा अर्थ या जोडीतून निष्पन्न होतो. मशालीची प्रतिमा त्यास काळाचे परिमाण देते : ज्ञान साठवून टिकत नाही, ते पुढच्या हाती सोपवावे लागते.

तथापि, पूर्व म्हणजे अंतर्दृष्टी आणि पश्चिम म्हणजे तर्क, असा अर्थ या विभागणीतून कोणी काढल्यास तो ग्राह्य धरता येणार नाही. ज्या बादरायणांचे नाव येथे कोरले आहे, त्यांच्या ब्रह्मसूत्रांतील दुसऱ्या अध्यायाचा दुसरा पाद 'तर्कपाद' म्हणूनच ओळखला जातो. त्यात सांख्य, वैशेषिक, बौद्ध इत्यादी मतांचे युक्तिवादपूर्वक खंडन आहे. शिल्पातील एकत्वाचा संकेत स्वीकारावा, विभागणी मात्र तपासून घ्यावी.

कसोटीचा प्रसंग :
२९ एप्रिल १९८६ रोजी लागलेल्या आगीत सुमारे चार लाख ग्रंथ नष्ट झाले व सुमारे सात लाख ग्रंथांची हानी झाली. प्रकाशाचे प्रतीक म्हणून ज्या वास्तूवर मशाल कोरली, तिच्यातच अग्नीने हा संहार घडविला. तरीही वास्तू पाडली गेली नाही. जीर्णोद्धार व विस्तार करून १९९३ मध्ये ती पुन्हा वाचकांसाठी उघडण्यात आली.

समारोप :
द्वारावरील शिल्प ग्रंथांचे रक्षण करू शकत नाही. ग्रंथालय कशासाठी आहे याचे स्मरण मात्र ते देते. महाविद्यालयीन ग्रंथालये उभारताना ग्रंथसंख्या, आसनव्यवस्था व संगणक यांचा विचार होतो, तसा दाराशी कोणता विचार मांडावा याचाही व्हावयास हवा. तो ठरविण्यात वास्तुविशारदाइतकाच अध्यापकाचाही वाटा असू शकतो, हे अलेक्झांडर यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.