बोटभर पट्टीचे दीड लाख कोटी

ब्राउझरच्या माथ्यावर बोटभर उंचीची पट्टी असते. ‘उद्या पाऊस आहे का’पासून ‘गुडघेदुखीवर उपाय’पर्यंत सगळं आपण तिथे टाइप करतो आणि त्याचा एक पैसाही आपल्याला पडत नाही. त्या पट्टीमागे आपलंच सर्च इंजिन असावं म्हणून गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने दीड लाख कोटी रुपयांहून जास्त! मुंबई महापालिकेचा २०२२-२३चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटींचा होता. म्हणजे महापालिकेची तीन वर्षं निघून वर पैसे उरले असते. आणि हा फक्त अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरचा हिशेब. फोन बनवणारे, मोबाइल कंपन्या, इतर ब्राउझर असे सगळे मिळून गुगलने २०२१मध्ये या कामासाठी २६.३ अब्ज डॉलर दिले होते.

जी सेटिंग बदलायला आपल्याला अर्धं मिनिट लागतं, तिची बाजारातली किंमत ही आहे. बहुतेक जण ते अर्धं मिनिट कधीच देत नाहीत, हे विकत घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

एक आकडा तोंडून निसटला

हे आकडे आपल्यापर्यंत आले ते वॉशिंग्टनच्या एका कोर्टामुळे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२०च्या ऑक्टोबरमध्ये गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि सप्टेंबर २०२३मध्ये सुनावणी सुरू झाली. बरंचसं कामकाज बंद दाराआड चाललं होतं. पण नोव्हेंबरात गुगलच्याच बाजूने साक्ष द्यायला आलेले अर्थतज्ज्ञ केविन मर्फी बोलता बोलता सांगून गेले, की सफारीवरच्या शोधांतून मिळणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ३६ टक्के वाटा अ‍ॅपलला जातो. कोर्टात बसलेल्या पत्रकारांनी लिहिलं, की ते ऐकताना गुगलच्या वकिलांचा चेहराच बदलला. शंभरातले छत्तीस रुपये केवळ दारात उभं राहू दिल्याबद्दल!

या खटल्यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. निकाल देणारे न्यायाधीश अमित मेहता यांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. साक्षीला आलेले गुगलचे सुंदर पिचाई मदुराईत जन्मलेले आणि मायक्रोसॉफ्टचे सत्य नाडेला हैदराबादचे. नाडेलांनी साक्षीत सांगितलं, की अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनला ती जागा दिली असती, तर आपण वर्षाला १५ अब्ज डॉलरपर्यंत तोटा सोसायलाही तयार होतो. जगातल्या सगळ्यात महागड्या सेटिंगचा वाद, आणि त्यातली तीन मुख्य माणसं भारतात जन्मलेली.

५ ऑगस्ट २०२४ला मेहतांनी निकाल दिला, की गुगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने कायदा मोडला. त्याच निकालपत्रातली दोन निरीक्षणं पाहा. अमेरिकेत होणाऱ्या एकूण शोधांपैकी जवळपास निम्मे, करारांनी बांधलेल्या अशा ठरवून दिलेल्या जागांमधूनच होतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर, जिथे बिंग आधीपासून बसवलेलं असतं, तिथे सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होतात, गुगलच्या वाट्याला २० टक्केच येतात. हेच बिंग बाकी सगळीकडे गुगलच्या पासंगालाही पुरत नाही. एजवर बिंग मुद्दाम पसंत करणारेही काही असतील, हे मान्य. पण एवढा मोठा फरक नुसत्या आवडीने पडत नाही.

शिक्षा ठरली पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर २०२५ला. गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकायची गरज नाही, पैसेही देता येतील. मात्र दुसऱ्या कोणाला जागाच मिळू नये असे करार करता येणार नाहीत. डिसेंबरमध्ये मेहतांनी या करारांची मुदत एका वर्षावर आणली. तारखेची गंमत अशी, की क्रोम पहिल्यांदा लोकांच्या हाती आला तो दिवसही २ सप्टेंबरच होता, २००८चा. नेमक्या सतराव्या वाढदिवसाला त्याचं घर वाचलं.

आणि २००६मध्ये हीच गुगल तक्रारदार होती. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ७मध्ये शोधाची खिडकी मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन सर्चवर लावलेली येत होती, म्हणून गुगलने अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांचं दार ठोठावलं होतं. आधीच बसवून दिलेली सेटिंग माणसाला कुठे नेते, हे गुगलला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

सेटिंग बदलली, लोक परतले

बसवून दिलेलं सगळंच लोक निमूट स्वीकारतात, असंही नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१४च्या अखेरीस अमेरिकेत गुगलला रजा देऊन याहूशी पाच वर्षांचा करार केला. लोकांना याहू रुचलं नाही. २०१७च्या नोव्हेंबरात मोझिलाने मुदतीआधीच करार मोडला आणि पुन्हा गुगलकडे गेली. हा प्रयोग फसल्याची कबुली मोझिलाच्या तेव्हाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी खटल्यातल्या साक्षीत दिली. गुगलच्या वकिलांनी याच गोष्टीवर भर दिला: बघा, लोक आमच्याकडे आवडीने येतात!

या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण मोझिलाची दुसरी बाजूही पाहा. फायरफॉक्सच्या कमाईतला सुमारे ८५ टक्के भाग गुगलकडून येतो. गुगलच्या क्रोमशी झुंजणारा ब्राउझर गुगलच्याच पैशावर उभा आहे. गुगलचे पैसे थांबवू नका, असं मोझिलाच्या अधिकाऱ्यांना २०२५मध्ये कोर्टात येऊन सांगावं लागलं.

‘निवडा’ म्हणणारे पडदे

युरोपने वेगळी वाट धरली: माणसापुढे यादीच ठेवायची. सुरुवात ब्राउझरपासून झाली. २०१०मध्ये विंडोजवर ब्राउझर निवडायचा पडदा आला. कोणावर अन्याय नको म्हणून नावांचा क्रम दर वेळी पिसायचा होता, पण पत्ते पिसणारा प्रोग्रॅमच चुकला. तो पडदा इंटरनेट एक्सप्लोररमधून उघडला, की पहिल्या पाचांतलं इंटरनेट एक्सप्लोरर जवळपास निम्म्या वेळा शेवटच्या जागी जाऊन बसायचं. मायक्रोसॉफ्टने पिसले आणि मायक्रोसॉफ्टचाच पत्ता तळाला! नंतर विंडोज ७च्या एका अपडेटमध्ये हा पडदाच गायब झाला. दीड कोटी लोकांना तो दिसलाच नाही आणि २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड बसला.

पुढे अँड्रॉइडवर सर्च इंजिनाची यादी आली आणि २०२०मध्ये गुगलने त्या यादीतल्या जागांचा चक्क लिलाव मांडला. शोधातून आलेला पैसा झाडं लावण्यासाठी वापरणाऱ्या बर्लिनच्या इकोशियाने या लिलावावर बहिष्कार टाकला. टीका वाढली आणि सप्टेंबर २०२१पासून या जागा फुकट झाल्या.

रशियात हा पडदा २०१७मध्ये आला. तिथल्या नियामकाने गुगलला ४३.८ कोटी रुबलचा दंड केला, तडजोडीत क्रोमवर निवडीची खिडकी द्यायला लावली, आणि अँड्रॉइडवर यांडेक्स या रशियन सर्च इंजिनाचा वाटा चढत गेला. लोकांना आधीपासून ओळखीचं आणि आपल्या भाषेत तरबेज असं दुसरं इंजिन हाताशी असेल, तर असा पडदा खरोखर काम करतो.

भारताचंही नाव या कथेत आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ला अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि फोन पहिल्यांदा सुरू करतानाच सर्च इंजिन निवडता आलं पाहिजे, असा आदेश दिला. जानेवारी २०२३मध्ये गुगलने भारतात असा पडदा देण्याची घोषणा केली. दंड अपील न्यायाधिकरणातही कायम राहिला. तेव्हा नवा फोन लावताना हा पडदा दिसला, तर ‘पुढे’, ‘पुढे’ करत दाबत जाऊ नका. हजारावर कोटींच्या भांडणानंतर तो तुमच्यासाठी आणलेला आहे.

बदक, पण पोटात कोण?

आता बाकीची इंजिनं. डकडकगोचं नाव आलं ‘डक, डक, गूज’ या लहान मुलांच्या खेळावरून. मुलं गोल करून बसतात आणि एक जण बाहेरून फिरत प्रत्येकाच्या डोक्यावर टपली देत जातो, बराचसा आपल्या मामाच्या पत्राच्या वळणाचा. हे २००८मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सुरू झालं. ‘डक डॉट कॉम’ हा पत्ता मात्र कित्येक वर्षं गुगलकडे होता. गुगलने विकत घेतलेल्या एका कंपनीचं जुनं नाव डक होतं, त्या सामानातून तो आला होता. डिसेंबर २०१८मध्ये गुगलने तो डकडकगोला देऊन टाकला.

बिंगवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द कोणता? ‘गुगल’! २०२१मध्ये युरोपच्या न्यायालयात हे गुगलच्याच वकिलांनी सांगितलं.

इंजिन बदलण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. नावं पुष्कळ असली, तरी सगळं जाळं पालथं घालून स्वतःची सूची बनवणारे मोजकेच आहेत: गुगल, बिंग, यांडेक्स, बायडू, अलीकडे ब्रेव्ह, इंग्लंडचं छोटं मोजीक आणि आणखी थोडे. डकडकगो आणि इकोशिया बऱ्याच अंशी बिंगच्या सूचीवर चालत आले. २३ मे २०२४ला बिंग कोलमडलं तेव्हा ही दोन्हीही काही तास आडवी झाली. नेदरलँड्सचं स्टार्टपेज बरेचसे गुगलचेच निकाल दाखवतं, पण मधे स्वतः उभं राहून तुमची ओळख गुगलपर्यंत जाऊ देत नाही. पाटी बदलली म्हणजे स्वयंपाकघर बदललं असं नाही. तुम्हाला खासगीपणा हवा आहे की वेगळे निकाल हवे आहेत, हे आधी ठरवा. उत्तराप्रमाणे इंजिन बदलेल.

मराठीची परीक्षा

सर्च इंजिन मराठीला चालतं का, हे पाहायचं असेल तर ‘साताऱ्याला’ हा शब्द टाका. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे सातारा, साताऱ्याला, साताऱ्याहून. पाणी, पाण्यात, पाण्याने. इंजिनाला ही विभक्ती सोडवून मूळ शब्दापर्यंत पोचावं लागतं.

‘साताऱ्या’तल्या ‘र’ची आणखी एक मेख आहे. रफार होऊन डोक्यावर न चढणारा हा ‘र’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत नुक्ता दिलेल्या ‘र’चा पाय मोडतात. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘अ‍ॅप’मधल्या ‘अ‍ॅ’चंही तसंच: कुठे ते एकच स्वतंत्र अक्षर असतं, कुठे ‘अ’वर ठेवलेला चंद्र. चांगलं इंजिन ही रूपं एकत्र आणतं. नाही आणलं, तर तुमच्या गावाबद्दल कुणी मनापासून लिहिलेलं पान जाळ्यावर असूनही तुम्हाला कधी दिसणार नाही. मला ही बाब बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

आणि एकच इंजिन कशाला? क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’ या भागात ‘साइट सर्च’ आहे. तिथे मराठी विकिपीडिया जोडा. ती सुरू झाली १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी. वाईहून आकाराला आलेला मराठी विश्वकोश जोडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जोडा. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने जाळ्यावर ठेवली आहे. कृती सोपी आहे. त्या साइटवर एक शब्द शोधा, वर आलेला पत्ता उचला, आणि पत्त्यातल्या तुमच्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी लिपीतला छोटा ‘एस’ ठेवा. त्याला एखादं छोटं नाव द्या. मग पट्टीत ते नाव, टॅब, आणि हवा तो शब्द. मधलं पान न उघडता थेट कोशात! अशा जोडण्या बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या एका जुन्या प्रकल्पाचं नाव मायक्रॉफ्ट आहे. जोडणीची मूळ पद्धत अ‍ॅपलच्या ‘शेरलॉक’ या प्रोग्रॅमची होती, आणि मायक्रॉफ्ट हा शेरलॉक होम्सचा त्याच्याहून हुशार थोरला भाऊ.

राहिला प्रश्न कोणतं निवडायचं. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुगल वापरणाऱ्यांपुढे नुसती निवडीची यादी ठेवली, तेव्हा बिंगचा वाटा जेमतेम एका टक्क्याने वाढला. पण पैसे देऊन लोकांना दोन आठवडे बिंग वापरायला लावलं, तेव्हा त्यांतल्या ३३ टक्के लोकांनी पुढेही बिंगच ठेवायचं ठरवलं. यादी वाचून कळत नाही, वापरून कळतं. तेव्हा आजच सेटिंग उघडा, तुम्ही आजवर न वापरलेलं एक इंजिन लावा आणि तुमचे रोजचे शोध, निम्मे तरी मराठीत, पंधरा दिवस त्याच्यावर करा. नाही पटलं तर जुन्यावर परत या. त्यालाही अर्धंच मिनिट लागतं.